लव्हेंडरचा वास आणि लेकीचं इसब

ताई, लेकीच्या कोपराच्या खाचेत इसब आहे, तर खोलीत लव्हेंडरचा डिफ्यूझर लावावा का आणि तेच तेल खोबरेलात मिसळून चोळावं का, असं तुम्ही विचारलंय. चोळू नका, हे आधी सांगते.

नुसत्या वासाने त्वचेच्या प्रतिकारशक्तीत फरक पडतो, हे खरं आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा ५६ निरोगी माणसांवरचा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लिंबू, लव्हेंडर आणि साधं पाणी असं आळीपाळीने हुंगायला दिलं, बर्फाच्या पाण्यात हात घालून ताण दिला आणि कॅन्डिडा या बुरशीला त्वचा किती प्रतिक्रिया देते ते पाहिलं. पाणी हुंगल्यावर प्रतिक्रिया मोठी आली, दोन्ही सुगंधांनंतर कमी. पण ही तर संसर्गाशी लढण्याची ताकद! ती कमी झाली म्हणजे इसब शांत होईल, असा अर्थ काढता येत नाही. चिकटपट्टीने सोललेला त्वचेचा वरचा थरही वासामुळे लवकर भरून आला नाही. लिंबाच्या वासाने मन मात्र नक्की प्रसन्न झालं.

१९८४ चा गिनीपिगवरचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ॲलर्जी आणणारं प्रथिन देताना दर वेळी एक ठरावीक वास दिला. काही वेळा असं झाल्यावर नुसत्या त्या वासानेही रक्तातलं हिस्टामिन वाढलं. खाज आणि गांधी उठवणारं रसायन ते हेच. म्हणून एखाद्या वासाने खाज सुटते असं लेक म्हणाली, तर नाटक समजून उडवून लावू नका.

आता तेलाचं. लव्हेंडरमधलं लिनालूल हे सुगंधी रसायन हवेशी संयोग पावलं की त्यातून ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. बाटली जुनी असेल तर जास्तच. इसबाची त्वचा मुळात कमकुवत, त्यातून ती सहज आत शिरतात. अशी ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जात नाही, आणि लिनालूल तर साबण, शाम्पू, अत्तरं सगळीकडे असतं. तेल नैसर्गिक असल्याने यात काही फरक पडत नाही.

डिफ्यूझर हवाच असेल तर थोडा वेळ, खिडकी उघडी ठेवून लावा. तिला दमा असेल किंवा वास नकोसा वाटत असेल तर अजिबात नको. मॉइश्चरायझर ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलंच घ्या. नुसतं ‘अनसेंटेड’ असेल तर मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. एवढं करूनही चट्टे चिघळत राहिले तर त्वचारोगतज्ज्ञांना पॅच टेस्टबद्दल, म्हणजे त्वचेला कशाची ॲलर्जी आहे ते शोधणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. पाठीवर ४८ तास पट्ट्या ठेवतात, आणि काढल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला जावं लागतं. तो दुसरा फेरा चुकवू नका, कारण सुगंधाची ॲलर्जी कधीकधी तेव्हाच दिसते.