एंगेज फोन ॲडाप्टरच परत लावेल का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे असते. घरात लिंक्सिसचा जुना पीएपी२टी ॲडाप्टर आहे, त्यावर इंटरनेटचा फोन चालतो. सांगलीला बहिणीची लँडलाइन लावली की नेहमी एंगेज. कुणीतरी म्हणालं स्टार ६९ दाबा, तर फोन भलतीकडेच लागला. आपोआप परत लावायची काही सोय आहे का?

उत्तर : आहे ना, आणि तुमच्या त्या जुन्या डब्यातच आहे. स्टार ६९ म्हणजे ज्याचा शेवटचा फोन *आला* त्याला लावणं, म्हणून तो भलतीकडे गेला. तुम्हाला हवाय स्टार ६६. एंगेज टोन आला की रिसीव्हर ठेवा, परत उचलून स्टार ६६ दाबा आणि ठेवून द्या, मग ॲडाप्टर तोच नंबर दर ३० सेकंदांनी लावत राहतो आणि तिकडे रिंग जायला लागली की तुमचा फोन वाजवतो. अर्धा तास प्रयत्न करतो आणि मग सोडून देतो.

चालत नसेल तर मुलाला बसवा. फोनवर चार वेळा स्टार, मग ११० आणि हॅश दाबलं की ॲडाप्टर स्वतःचा आयपी ॲड्रेस बोलून सांगतो, तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकायचा, ॲडमिन लॉगिन करून ॲडव्हान्स्ड व्ह्यू घ्यायचा. लाइन १ या टॅबमध्ये 'कॉल बॅक सर्व्ह' येस पाहिजे. रीजनल या टॅबमध्ये 'कॉल बॅक ॲक्ट कोड'समोर स्टार ६६ आहे का बघा. डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठले नंबर दाबलेले चालतील त्या नियमांच्या ओळीत, स्टार एक्स एक्स (*xx) असायलाच हवं, कुणीतरी प्लॅन बदलताना ते उडवलेलं असतं आणि मग कुठलाच स्टार कोड चालत नाही. ॲडाप्टर फोन कंपनीने दिलेला आणि लॉक केलेला असेल तर मात्र हे पानच उघडणार नाही, तेव्हा कंपनीलाच सांगावं लागेल.

आता खरी मेख. ॲडाप्टरला एंगेज कळतं ते पलीकडून ४८६ हा सिग्नल आला तर. भारतातल्या फोनला लावताना बरेचदा तो येतच नाही, एंगेजचा नुसता आवाज येतो, आपल्या कानाला कळतं पण ॲडाप्टरला वाटतं रिंग चालू झाली आणि तो तुम्हाला उगाच बोलावतो. रीजनलमध्येच 'कॉल बॅक डिले' अर्धा सेकंद असतो, तो दोन-तीन सेकंद करून बघा, म्हणजे सिग्नल जरा उशिरा येत असेल तरी पकडला जाईल, पण नुसता आवाजच येत असेल तर याचाही उपयोग नाही, हे आधीच सांगते, तासभर सेटिंगशी झटत बसू नका. बहिणीने कॉल वेटिंग घेतलं असेल तर एंगेज लागणारच नाही, रिंगच जाईल, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात सोपा उपाय आहे, तिला घ्यायला सांगा.

एक काळजी घ्या. तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचा एक म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्या वेळी स्टार ६६ लावून विसरलात तर वीस मिनिटांनी बहिणीची झोपमोड होईल. विचार बदलला किंवा मधेच तिचाच फोन आला तर स्टार ८६ दाबा, परत लावणं थांबतं.