भारतातली पहिली महिला इलेक्ट्रिकल इंजिनियर कोण?

ए. ललिता, मद्रासच्या गिंडी इंजिनियरिंग कॉलेजातून 1943 ला पास झाल्या. लग्न 15 व्या वर्षी, 18 व्या वर्षी नवरा गेला, पदरात चार महिन्यांची मुलगी, आणि त्या काळात विधवा बाईचं काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको, पण वडील पप्पू सुब्बा राव त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्रोफेसर होते, त्यांनी धडपड करून ॲडमिशन मिळवून दिली. पुरावा म्हणाल तर त्यांचं सर्टिफिकेटच बघा, छापील मजकूर पुरुषासाठीचा होता म्हणून इंग्रजी 'ही' खोडून हाताने 'शी' केलंय! नंतर जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ट्रेनिंग, सिमल्यात सरकारी नोकरी, मग कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये ट्रान्समिशन लाईन आणि सबस्टेशनच्या लेआउटचं काम, त्यात भाक्रा नांगल धरणाचंही काम आलं. 1964 ला न्यूयॉर्कला महिला इंजिनियरांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली तिथेही त्या गेल्या होत्या. फक्त एक, नुसतं 'पहिली महिला इंजिनियर' म्हणत असाल तर पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज यांचंही नाव सोबत घ्या, दोघी त्याच कॉलेजच्या आणि त्याच सुमाराच्या, फक्त त्यांचं सिव्हिल होतं.