भाऊजींकडे हिशेब कसा मागू?

प्रश्न : शिरोड्याला आमचे चिऱ्यांचे जुने कौलारू घर आहे. यजमान बोटीवर असतात. मागे स्वयंपाकघराला लागून दोन खोल्या आणि संडास-बाथरूम, मिळून ४०० चौरस फूट वाढवायचे काम त्यांच्या आत्तेभावाला दिले. ते कंत्राटे घेतात. साडेनऊ लाखांत तोंडी ठरले. साडेसहा लाख देऊन झाले. काम लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत आले आणि तीन आठवडे बंद आहे. आता म्हणतात, दीड लाख द्या, पावसाआधी स्लॅब घालतो, या आठवड्यात मागची कौले उतरवतो. बिले मागितली तर, ‘वहिनी, माझ्यावर विश्वास नाही?’ सासूबाईंचे म्हणणे, घरच्या माणसाकडे हिशेब मागू नये. काय करू?
– एक वाचक भगिनी, शिरोडा

उत्तर : पहिले म्हणजे, कौलांना हात लावू देऊ नका. सळई, सिमेंट आणि सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याचे, सामान तुमच्या अंगणात येऊन पडेपर्यंत एकही कौल उतरता कामा नये. एप्रिल संपत आला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात येतो, आणि उघड्या स्वयंपाकघरात पाणी शिरू लागले की मागतील तेवढे पैसे तुम्ही द्याल. भाऊजी मुद्दाम तसे करतील असे नाही, पण तुमच्या हातात मग काही उरणार नाही.

आता पैशांचे बघू. पणजीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ३१ वर्षे नकाशे काढले. कंत्राटदारांची भांडणे ऐकत चहा प्यायले. पाया, जोते आणि लिंटलपर्यंतच्या भिंती म्हणजे माझ्या अंदाजाने निम्म्याहून कमी काम, चार लाखांच्या आसपास. म्हणजे अडीचेक लाख कामाच्या पुढे धावले आहेत. ते कुठे गेले? बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी स्लॅबमध्ये. याची टोपी त्याला घालून लहान कंत्राटदार तीन-तीन कामे ओढतात, आणि याला मी चोरी म्हणत नाही. पण गणित बघा. तुमच्याकडे उरले तीन लाख. त्यातले दीड आता दिले, तर गिलावा, लाद्या, दारे-खिडक्या, नळ, वीज आणि रंग हे सगळे उरलेल्या दीड लाखात बसवायचे. ते बसणार नाही, हे भाऊजींनाही ठाऊक आहे.

म्हणून रोख देऊ नका. सळई-सिमेंट तुम्हीच घ्या, दुकानदाराला थेट पैसे, बिल तुमच्या नावाने, आणि तेवढी रक्कम कराराच्या आकड्यातून वजा. पाच इंची स्लॅब ४०० चौरस फुटांचा असेल तर चाळीसेक पोती सिमेंट जाते, बीम वेगळे. पोत्यावरचा आठवडा-महिना वाचा. तीन महिने पडून राहिलेले सिमेंट घेऊ नका. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण साडेदहा-पावणेअकरा किलो भरायला हवी, ८ मिलिमीटरची पावणेपाचच्या आत-बाहेर. दोन-चार सळया वजनकाट्यावर घाला. दुकानदाराला यात नवल वाटणार नाही.

आणि भाऊजींना कसे सांगायचे? यजमानांच्या डोक्यावर घाला! ‘त्यांना बोटीवर दर शनिवारी हिशेब पाठवायचा असतो, भाऊजी, नाहीतर फोनवर मलाच ऐकावे लागते.’ दूर असलेला नवरा एवढ्या कामाला यायलाच हवा. एका कागदावर आजवर दिलेले पैसे, उरलेली कामे आणि कोणत्या कामाअखेर किती द्यायचे ते लिहून दोघांनी सह्या करा. सासूबाईंनाही शेजारी बसवा, म्हणजे घरच्या माणसाचा मान राहील.

इथे माझे स्वतःचे सांगते. १९९८ साली म्हापशाला आम्ही एक खोली वाढवली. मेस्त्री सासऱ्यांच्या ओळखीचा, इतका सरळ की उरलेले खिळे पुडीत बांधून परत द्यायचा. त्याने नवा स्लॅब जुन्या चिऱ्याच्या भिंतीत खोचून टाकला. नवा पाया खचतो, जुना कधीच बसलेला असतो. दोन पावसांत जोडावर फट पडली. त्या वर्षी चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीत, नारळांवर टपटप पाणी. मी नकाशे काढणारी बाई, आणि जोडाकडे बघितले नव्हते, कारण माणूस भला होता! भला माणूसही चुकतो, हे मला माटोळीखाली परात ठेवताना कळले.

तेव्हा तुमच्या कामात जुन्या भिंतीलगत वेगळे खांब आहेत का, आणि स्लॅब व भिंतीमध्ये फट सोडून वर पत्र्याची पन्हळ घेणार का, हे आत्ताच विचारा. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी एखाद्या इंजिनियरला हजार-दोन हजार देऊन सळई बघायला बोलवा. एकदा झाकली की कोणालाच काही दिसत नाही. सळई उचलून धरायला खाली सिमेंटचे ठोकळे हवेत, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत ती गंजते. ओतताना एका पोत्याला २५ लिटरच्या वर पाणी नको. कामगार सोपे जावे म्हणून पाइप सोडतात, तिथे तुम्ही उभ्या राहा. नंतर निदान दहा दिवस पाणी मारा आणि बीमखालचे टेकू १४ दिवस हलवू देऊ नका. पाऊस आला तर आला. ओतताना सर आली नाही म्हणजे झाले, पुढचा पाऊस पाणी मारायचे काम करतो. घाई फक्त भाऊजींना आहे.

पंचायतीच्या परवान्याचा तुमच्या पत्रात शब्दही नाही, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. गोव्याच्या १९९४ च्या पंचायत राज कायद्याखाली मागच्या बाजूच्या वाढीलाही परवाना लागतो. ‘घरपट्टी लागली की झाले’ असे कोणी सांगितले असेल तर घरपट्टीची पावती म्हणजे परवाना नव्हे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर दिरांची, नणंदांची नावे असतील तर त्यांची लेखी संमती लागेल. उतारा काढून बघा, आणि आत्तेभावाच्या आईचे नाव त्यावर आहे का तेही.