नुसतं 'प्रार्थनेत आठवण आहे' म्हणून भागतं का?

प्रश्न: कुणी आजारी पडलं की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थनेचे मेसेज धडाधड पडतात, पण गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या मावशी आजारी आहेत तिकडं कुणी फिरकत नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही ना ताई. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 2ऱ्या अध्यायात हेच सुनावलंय, उपाशी माणसाला नुसतं 'पोटभर जेव' म्हणून काय उपयोग. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, हात थांबला की पैसे बंद, मग वरण-भाताचा डबा न्या (कडक भाकरी अन् शेंगाचटणी नंतर!), सिव्हिलला केसपेपरच्या लाईनीत कुणीतरी उभं राहा, आणि फोटो तेवढे ग्रुपवर टाकू नका. प्रार्थना तिथंच खाटेशेजारी बसून करा की. मावशी ख्रिस्ती नसल्या तरी जायचंच, येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं (शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसानं) वाटेतल्या जखमी माणसाची जात विचारली नव्हती, उतारशाळेचे 2 दीनार मात्र स्वतःच्या खिशातून दिले.