लेबलवर ५ मिलिवॅट लिहिलेला स्वस्त हिरवा लेझर पॉइंटर डोळ्यांना खरंच धोकादायक असतो का?

तुम्ही विचारलंय, मुलगा भिंतीवर हिरवा ठिपका नाचवतो, तो बघून डोळ्याला काही होईल का आणि गॉगल घ्यावा का. भिंतीचं आधी सांगते. भिंत साधी रंगवलेली असेल आणि लेझर खरोखरच ५ मिलिवॅटचा असेल, तर ठिपका बघून काही होत नाही. आरसा, खिडकीची काच, चकचकीत धातू यांची गोष्ट वेगळी, तिथून किरण न पसरता परत फिरतो. पण "खरोखरच ५ मिलिवॅटचा असेल तर" या शब्दांवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं सहा वर्षं भांडण चालू आहे. त्या भांडणाचं कारण माझ्या डाव्या डोळ्यात आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

दादाला आकाशदर्शनाचं वेड. तारा बोटाने दाखवला तर शेजारच्याला कळत नाही, म्हणून त्याने हिरवा लेझर घेतला. हिरवाच का, तर आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या (उजेडाचा रंग या मापाने ठरतो) आसपासचा उजेड सगळ्यात ठळक दिसतो आणि हे लेझर ५३२ चे असतात. तेवढ्याच शक्तीचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर साधारण आठपट फिका वाटतो. हिरव्याची रेघ थेट ताऱ्यापर्यंत गेल्यासारखी दिसते. मलाही ते फार आवडायचं, हे कबूल करते.

ती रात्र कडाक्याच्या थंडीची होती. उघडा माळ, पहाटेचे तीन. दादा कृत्तिकांवरून रोहिणीकडे येत होता आणि त्याची रेघ फिकी होत होत जवळजवळ दिसेनाशी झाली. "सेल उतरले वाटतं, बघ गं जरा," म्हणत त्याने पॉइंटर माझ्या हातात दिला. मी बटण दाबून तळहातावर मारला. अगदी मंद हिरवा डाग. मग विजेरी बंद पडली की माणूस जे करतो तेच मी केलं. उजवा डोळा मिटला, नळी डाव्या डोळ्याजवळ आणली आणि बटण दाबून आत पाहिलं. आत काजव्याएवढा उजेड होता. डोळा दिपला नाही, म्हणून मी बघत राहिले. दोन सेकंद, फार तर तीन. दुखलं नाही, पाणी आलं नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मान वर करून व्याधाकडे पाहिलं, तर डाव्या डोळ्याला व्याध दिसेना. नजर जरा बाजूला नेली की दिसायचा, सरळ पाहिलं की गायब. दादा म्हणाला, "अगं, उजेडाकडे पाहिलंस, डोळे दिपलेत. सकाळपर्यंत जाईल."

सकाळी गेलं नव्हतं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. टेबलावर प्रुफं होती. सवयीने एक डोळा झाकून पाहिलं, तर "मुलांनी" हा शब्द मला "मुलानी" दिसला. खालच्या ओळीत "त्यांचे"चं "त्याचे" झालं होतं. अक्षरं जागेवर होती, वरचे अनुस्वार नव्हते. दोन्ही डोळे उघडले की उजवा डोळा भरून काढायचा आणि सगळं ठीक वाटायचं. म्हणूनच पहाटे घरी येईपर्यंत मला त्याचं गांभीर्य कळलं नाही.

पडद्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून तपासलं, पडद्याचे थर दाखवणारं ओसीटी स्कॅन काढलं. मध्यबिंदूच्या किंचित खाली भाजल्याची खूण होती. पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून खालच्या जखमेने वरचं दिसणं जातं. स्कॅन निघायच्या आधीच मी त्यांना सांगितलं होतं की अक्षरांचा वरचा भाग जातोय. हे मुद्दाम लिहितेय, कारण दादा नंतर अनेकदा "मनाचे खेळ" म्हणाला आहे. भाजलेला पडदा हमखास पूर्ववत करेल असं औषध नाही. काहींचं आपोआप बरंच भरून येतं. माझा डाग पहिल्या तीन महिन्यांत आकसला आणि तिथे थांबला. आता तो अनुस्वाराएवढा आहे आणि तेवढा कायम राहील.

दादाचं पहिलं म्हणणं: लेबलवर ५ लिहिलंय. तुमचंही तेच आहे, म्हणून नीट सांगते. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये बहुधा थेट हिरवा उजेड तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा उजेड देणारा डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा किरण देतो. या सगळ्यात वाया जाणारा अवरक्त उजेड अडवायला तोंडाशी एक छोटी गाळणी लागते. स्वस्तात विकायचं म्हटलं की पहिल्यांदा तीच गाळली जाते. ८०८ आणि १०६४ दोन्ही डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन पडद्यावर एकवटतात, आणि आपल्याला त्यांतलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

थंडीत हे आणखी बिघडतं. डायोडची तरंगलांबी तापमानाबरोबर सरकते, दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर. ती सरकली की पहिला स्फटिक तिला नीट शोषत नाही. हिरवा विझतो, ८०८ आहे तसा बाहेर पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये १० मिलिवॅट म्हणून विकलेल्या स्वस्त पॉइंटरांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकाचा हिरवा उजेड मंद होता आणि त्यातून जवळपास २० मिलिवॅट अवरक्त निघत होतं. मंद दिसतो म्हणून निरुपद्रवी, असं समजून आत डोकावणारी मी एकटी नाही, कुणीही तेच करेल. त्याच संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचं सांगितलं. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के तिथल्या सुरक्षा नियमात बसत नव्हते, लालपैकी ४४ टक्के. आता सांगा, लेबलावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

दादाचं दुसरं म्हणणं: डोळा आपोआप मिटतो. हा हिशोब १ मिलिवॅटसाठी आहे. पाव सेकंदात डोळा मिटेल किंवा मान फिरेल असं धरून दुसऱ्या वर्गाच्या (क्लास २) लेझरची ती मर्यादा ठरवली आहे. ५ म्हणजे त्याच्या पाचपट. अंधाराला सरावलेली बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडी असते, सगळा किरण आत घेते. आणि न दिसणाऱ्या उजेडाने डोळा मिटेल कशाला? माझा मिटला नाही.

तिसरं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागतं: "तू आत बघितलंस म्हणून झालं." हो, बघितलं. मुलंही बघतात. नळीत काय आहे ते बघायचं नाही, असं सांगून पोर ऐकेल असं ज्याला वाटतं त्याने पोर सांभाळलेलं नाही.

मागच्या वर्षी मी तो पॉइंटर दादाकडून मागून आणला आणि सीडीवर तपासला. तुम्हीही करू शकता. सीडीची चमकती बाजू पांढऱ्या कागदासमोर ठेवायची, कागदाला भोक पाडून त्यातून किरण सीडीवर सोडायचा. कागदावर हिरव्या ठिपक्यांची ओळ पडते. डोळे बाजूला ठेवायचे, सीडीच्या रेषेत यायचं नाही, पाहायचं ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर. अवरक्त दिसणारा कॅमेरा लागतो. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबलं आणि त्याचं टोक चमकताना दिसलं की कॅमेरा चालेल. बऱ्याच फोनांत मागच्यापेक्षा पुढच्या कॅमेऱ्याला ते दिसतं. १०६४ चा ठिपका नेमका हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावर पडतो, त्यामुळे तो वेगळा कळत नाही. ८०८ चा मात्र पहिल्या आणि दुसऱ्या हिरव्या ठिपक्यांच्या मध्ये येतो, तिथे नुसत्या डोळ्याला कोरा कागद दिसतो.

खोलीत पॉइंटर नेहमीसारखा हिरवागार होता आणि मधला ठिपका पुसट होता. मग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा लावला. हिरवे ठिपके मावळले, मधला जांभळट पांढरा ठळक उभा राहिला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बघताना माझे हात थरथरत होते. पाच वर्षांनी मला ती रात्र दिसत होती.

गॉगलचं राहिलं. साधा काळा गॉगल अजिबात नको, त्याने उलट बाहुली मोठी होते. लेझरसाठीचे नारिंगी गॉगल ५३२ अडवतात, ८०८ आणि १०६४ अडवतीलच असं नाही. तिन्ही आकडे गॉगलवर छापलेले असतील आणि प्रत्येकाची अडवण्याची क्षमता दिलेली असेल तरच घ्या. पण खरं सांगू, घरात पोराला गॉगल घालून लेझर खेळायला देण्यापेक्षा लेझर काढून घ्या. खरा ५ मिलिवॅटचा किरणसुद्धा थेट डोळ्यात गेला तर सोळा मीटरच्या आत सुरक्षित धरत नाहीत. तुमची खोली तेवढी लांब नसेल. काही दाखवायचंच असेल तर १ मिलिवॅटच्या आतला लाल पुरतो. दादाला हे पटत नाही, त्याला ताऱ्यापर्यंत जाणारी रेघ हवी असते. तर मग गाळणीवाला, तपासून दिलेला घ्यावा, आणि तोही दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

हेही सांगायला हवं की प्रत्येक स्वस्त पॉइंटरमधून अवरक्त गळतंच असं नाही. ५१५ ते ५२० नॅनोमीटरचे थेट हिरव्या डायोडचे लेझर मिळतात, त्यात अवरक्ताची भानगडच नाही, शक्ती मात्र त्यांचीही मोजलेली हवी. सीडीवर मधला ठिपका दिसला नाही म्हणून १०६४ नाही असं सिद्ध होत नाही. आणि किरण क्षणभर डोळ्यावरून गेला तर बहुतेक वेळा नुसतं दिपतं आणि काही मिनिटांत ओसरतं. दुसऱ्या दिवशीही डाग असेल, सरळ रेघ वाकडी दिसत असेल, तर थेंब घालत बसू नका, पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. मुलाला एकेक डोळा झाकून वाचायला लावा, दोन्ही डोळ्यांनी त्यालाही काही कळणार नाही.

फ्रीजच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो मी दादाला पाठवले. त्याने लिहिलं, "कॅमेऱ्याचा दोष असेल." मी उत्तर दिलं नाही. पॉइंटर सेल काढून माझ्या कपाटात ठेवलाय. वर्ष झालं, त्याने तो परत मागितलेला नाही.