आजीच्या अल्झायमरचा मायटोकॉन्ड्रियाशी काय संबंध?

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतलं वीजघर. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो साधारण २० टक्के. आमच्या देवगडात पावसाळ्यात व्होल्टेज उतरलं की बल्ब मिणमिणत राहतो, विहिरीवरचा पंप मात्र उचलतच नाही. मेंदू हा तो पंप.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडवतात. बिघडलेली वीजघरं घातक ऑक्सिजन-रेणू सोडतात आणि त्यानं अमायलॉइड आणखी वाढतं. आधी कोण, यावर वाद आहे. २००४ मध्ये स्वर्डलो आणि खान या संशोधकांनी सुरुवातच मायटोकॉन्ड्रियापासून होते असं मांडलं. मला दुष्टचक्र जास्त पटतं.

‘मायटोकॉन्ड्रिया बूस्टर’ गोळ्यांवर पैसे घालवू नका, त्यांनी आजार थांबतो हे सिद्ध झालेलं नाही. आजींना रोज संध्याकाळी किनाऱ्यावर फिरवून आणा, हात धरून.