बाबांची डिआना आणि आईचं गाणं

पत्र : बाबा ८९ वर्षांचे, आई ८२. शाळकरी वयात मुंबईला मामाबरोबर मॅटिनीला पाहिलेली हॉलिवूडची गाणारी नटी डिआना डर्बिन हे बाबांचं दैवत. आमच्या लहानपणी ते दर रविवारी तिच्या तबकड्या लावायचे. येत्या ४ डिसेंबरला, तिच्या वाढदिवशी, ज्येष्ठ नागरिक संघात ते तिच्यावर बोलणार आहेत. चौदा पानं लिहून झालीत. भाऊ म्हणतो, लोक हसतील, त्यांना थांबव. आईने तर बाबांशी बोलणंच टाकलंय. लग्नाआधी ती गाण्याची मध्यमा परीक्षा पास झाली होती, सासरी आल्यावर गाणं सुटलं. "माझ्या गाण्यावर साठ वर्षांत चौदा शब्द नाहीत आणि त्या बाईवर चौदा पानं," एवढंच ती म्हणाली. मी कुणाची बाजू घेऊ? – एक मुलगी, डोंबिवली

उत्तर : भावाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. बाबांना कुणीही थांबवू नये. परदेशातल्या नटीवर जीव टाकणं हसण्यासारखं असेल, तर सत्यजित राय यांनाही हसावं लागेल. १९९२ साली ऑस्कर स्वीकारताना, कलकत्त्याच्या रुग्णालयातून, त्यांनी सांगितलं होतं की शाळेत असताना डिआना डर्बिनला पत्र लिहिलं, तिचं उत्तर आलं आणि फार आनंद झाला. जिंजर रॉजर्स या दुसऱ्या नटीने मात्र उत्तर दिलं नाही, हेही सांगितलं! आणि ॲमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकने खोलीच्या भिंतीवर जी चित्रं चिकटवली होती, त्यांत डिआना होती. बाबांनी भाषणाची सुरुवातच या दोन चाहत्यांपासून करावी.

मलाही डिआना मनापासून आवडते, म्हणून जरा जास्त लिहिते. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९२१ साली जन्मलेली ही एडना मे लहानपणीच आईवडिलांबरोबर लॉस एंजेलिसला आली. १९३६ मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीने तिला ज्युडी गार्लंडबरोबर एका छोट्या चित्रपटात घेतलं आणि मग सोडून दिलं. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीने तिला उचललं. ती कंपनी तेव्हा डबघाईला आली होती आणि डिआनाच्या 'थ्री स्मार्ट गर्ल्स' या चित्रपटाने कंपनीला हात दिला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल'मध्ये ती ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवणाऱ्या एका बेकार वादकाची मुलगी झाली. वडिलांसाठी आणि काम नसलेल्या इतर वादकांसाठी ती वाद्यवृंद उभा करते आणि खुद्द लिओपोल्ड स्टोकोव्स्की या नामवंत वाद्यवृंद-संचालकाला गळ घालते. मंदीने पोळलेल्या लोकांना ही गोष्ट किती जवळची वाटली असेल! त्यात ती मोत्झार्टचं 'अलेलुया' गाते. चित्रपट लागला तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची, आणि ताना अशा सहज सुटतात की श्वास कुठे घेतला ते कळत नाही. बाबांनी दहा पानं वगळावीत, पण हे गाणं पूर्ण ऐकवावं.

बाबांना एक जरूर विचारा. १९४८ नंतरची डिआना त्या चौदा पानांत आहे का? त्या साली तिचा शेवटचा चित्रपट आला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि हॉलिवूडमधल्या सर्वाधिक कमाईच्या नट्यांपैकी एक होती. सगळ्यांच्या अडचणी सोडवणारी, मध्येच गाऊ लागणारी गोड मुलगी, या साच्याला ती कंटाळली होती. १९४४ सालच्या 'ख्रिसमस हॉलिडे'त तिने गंभीर, दुखावलेल्या बाईची भूमिका करून पाहिली, पण लोकांना जुनीच डिआना हवी होती. १९५० साली दिग्दर्शक शार्ल डाविड यांच्याशी लग्न करून ती फ्रान्सला गेली आणि पॅरिसजवळच्या एका गावात राहिली. २०१३ साली, ९१ व्या वर्षी वारली, तोवर पुन्हा पडद्यावर आली नाही. मुलाखतींनाही नाहीच म्हणायची. १९८३ ची एक तेवढी अपवाद. चाहते हळहळले, पण थांबायचं तिचं तिने ठरवलं होतं.

तुमच्या आईला कुणी विचारलंच नाही. मध्यमेपर्यंत पोचायचं म्हणजे काही वर्षांचा रियाज असतो. तो एका लग्नात संपला, आणि दर रविवारी ती स्वयंपाक करत असताना बाहेरच्या खोलीत नवरा दुसऱ्या बाईचं गाणं डोळे मिटून ऐकत होता. तिचा राग डिआनावर असेल असं मला वाटत नाही. नवऱ्याला गाण्याचा कान नसता, तर तिने कधीच मनाची समजूत घातली असती. त्याला कान होता, हेच तिला लागलं आहे. म्हणून "या वयात कसला मत्सर, आई" हे वाक्य घरात कुणीही बोलू नका.

तेव्हा बाजू आईची घ्या, आणि भाषणही होऊ द्या. बाबांशी एकट्याने बोला आणि आईचं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या कानावर घाला. त्या काळी बहुतेक घरांत असंच चालायचं, असं ते म्हणतील. खरंच आहे ते. पण त्यांनी आईशी बोलताना हे कारण पुढे करू नये. भाषणात आईवर एखादा परिच्छेदही घुसडू नये. चारचौघांत कौतुक केलं की तिला नाइलाजाने हसून मान डोलवावी लागेल, आणि टाळ्या पुन्हा बाबांनाच मिळतील.

बोलायचं ते घरी, दोघांतच. तुझे गुरुजी कोण होते, परीक्षेत कोणता राग गायलीस, तंबोऱ्याचं पुढे काय झालं, हे बाबांनी विचारावं आणि गप्प बसून ऐकावं. ती चिडली, रडली तरी मध्ये बोलू नये. तिला गायला लावू नका. नातवंडांना मोबाइल घेऊन तिच्यासमोर उभं करू नका. तिला आपणहून गुणगुणावंसं वाटलं तर ती गुणगुणेल, नाहीतर नाही.

कार्यक्रमाला यायचं की नाही, तेही तिलाच ठरवू द्या. नाही म्हणाली तर तुम्ही तिच्याजवळ थांबा. बाबांना रिक्षातून न्यायचं, 'अलेलुया' मोबाइलवर उतरवून ठेवायचं, सभागृहातला स्पीकर आदल्या दिवशी तपासून यायचं आणि पहिल्या रांगेत बसायचं, हे सगळं भावाकडे सोपवा.